पाणी हिरवे का होते? सायनोबॅक्टेरियांचा कुलवृत्तांत

उन्हाळ्यात शेततळ्यातले किंवा पाझर तलावातले पाणी हिरवे होते, हे आपल्यापैकी खेड्यातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिले आहे. कालपर्यंत पाणी बरे दिसत असते. चार दिवस ऊन तापते, वारा पडतो आणि सकाळी पाहावे तर वर हिरवी साय! 'शेवाळ आलं' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हे शेवाळ नेमके कोण? ते कधी कधी विषारी का असते? ते विष कोणासाठी तयार झाले? आणि ते घालवायला आपण जे उपाय करतो ते बरोबर आहेत का? या चार प्रश्नांची उत्तरे या लेखात पाहू. विषय जीवशास्त्राचा आहे म्हणून पान उलटू नका. धरण, पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांच्याशी सिव्हिलवाल्यांचा संबंध येणारच आहे. आणि होस्टेलच्या टाकीतले पाणी तर सगळ्याच ब्रँचेस पितात.

शेवाळ नव्हे, जिवाणू

पाण्यातले सगळे हिरवे एकाच जातीचे नसते. काठीने ओढल्यावर केसांच्या जटेसारखे लांब तंतू हाती आले, तर ते बहुधा खरे शेवाळ. त्याचा त्रास होतो, पण विषाचा धोका सहसा नसतो. काठी बुडवून वर काढल्यावर तिला ऑइल पेंटसारखा हिरवा लेप लागला, तर मात्र ते बहुधा सायनोबॅक्टेरिया.

जुन्या पुस्तकांत यांना 'नील-हरित शैवाल' म्हटलेले आढळते. आपल्या देशात या गटाचा अभ्यास जुना आहे. टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा ग्रंथ १९५९ साली निघाला आणि तो जगभर संदर्भासाठी वापरला गेला. पण या जिवांच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणजे हे शैवाल नसून जिवाणू आहेत. फरक एवढाच की बाकीच्या बहुतेक जिवाणूंसारखे ते आयत्या अन्नावर जगत नाहीत. झाडासारखे सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःचे अन्न स्वतः करतात आणि प्राणवायू सोडतात.

यांची संख्या थोड्या दिवसांत भरमसाट वाढते, त्याला आपण 'बहर' म्हणू. गोड्या पाण्यात बहर आणणाऱ्यांमध्ये मायक्रोसिस्टिस हे नाव सगळ्यात बदनाम आहे. त्याची एक पेशी काही मायक्रॉनची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. पण हजारो पेशी चिकट द्रवात गुंतून टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके करतात आणि असे असंख्य पुंजके वर तरंगले की साय धरते.

केवढे जुने घराणे!

आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत लिहितात. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कुठे गेली, कोणी काय कमावले, कोणी काय गमावले. सायनोबॅक्टेरियांचा असाच कुलवृत्तांत मांडला तर काय दिसते?

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. सुरुवातीच्या वातावरणात मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. पाण्याचे रेणू तोडून प्राणवायू सोडण्याची युक्ती पहिल्यांदा साधली ती याच घराण्याच्या पूर्वजांना. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तो यांच्याच कारखान्यातला. पुढे यांच्यातलाच एक जण दुसऱ्या मोठ्या पेशीत कायमचा राहायला गेला. झाडाच्या पानातले हरितद्रव्य ज्या कणांत असते ते हरितलवक म्हणजे त्याच पाहुण्याचे वंशज. म्हणजे घोड नदीच्या काठचा ऊस काय आणि भीमाशंकरचे जंगल काय, सगळ्यांच्या पानात हेच घराणे कामाला आहे.

तुलनेसाठी शिवनेरीचा कातळ घ्या. आपल्याला तो अनादि वाटतो. तो दख्खनच्या लाव्हाचा, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. हे घराणे त्याच्या निदान पस्तीसपट जुने. प्राणीसुद्धा पृथ्वीवर आले ते ढोबळमानाने ६० कोटी वर्षांपूर्वी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे विषाच्या प्रश्नाला तो उपयोगी पडणार आहे.

बहराची हत्यारे

आता मुख्य मुद्दा. बहर येण्यासाठी जी क्षमता लागते ती काल-परवा तयार झालेली नाही. एकेक हत्यार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून मिळाले आहे.

पहिले हत्यार तरंगण्याचे. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत प्रथिनाच्या भिंतीच्या सूक्ष्म पोकळ नळ्या असतात. त्यांत वायू शिरतो, पाणी शिरत नाही. त्यामुळे पेशी वर येते. दिवसभर प्रकाशात साखर तयार होऊन साठते, वजन वाढते आणि पेशी खाली जाते. रात्री ती साखर खर्च होते, वजन कमी होते आणि पहाटेपर्यंत पेशी पुन्हा वर. मेकॅनिकलच्या मित्रांनी पाणबुडीची बॅलास्ट टाकी आठवावी. फक्त इथे पंप नाही की व्हॉल्व्ह नाही. म्हणूनच साय सकाळी जास्त दिसते. हवेच्या नळ्यांची जनुके इतर काही जिवाणूंत आणि मिठागरात राहणाऱ्या अगदी वेगळ्या सूक्ष्म जीवांतही सापडतात. त्यामुळे यातला काही भाग वारशाने आणि काही उसनवारीने मिळाला असावा. जिवाणूंत शेजाऱ्याचे जनुक उचलणे ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरे हत्यार कार्बनचे. पृथ्वीच्या बालपणी हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर होता. तो पुढे घटत गेला तेव्हा यांनी पाण्यातले बायकार्बोनेट आत ओढून साठवण्याची सोय केली. बहरात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत येतो आणि पीएच ९ च्या वर जातो. तिथे अनेक हिरवी शेवाळे अडखळतात आणि हे आरामात वाढतात.

तिसरे हत्यार नायट्रोजनचे. हवेतला नायट्रोजन थेट वापरणारे विकर फार जुने, प्राणवायू नसलेल्या काळातले आहे आणि प्राणवायू लागला की बिघडते. घरात प्राणवायूचा कारखाना आणि शेजारी त्यानेच बिघडणारे यंत्र! काही शाखांनी यावर तोड काढली. साखळीतल्या ठरावीक पेशी जाड भिंतीच्या केल्या, त्यांत प्राणवायू तयार करणे बंद ठेवले आणि तिथे नायट्रोजनचे काम दिले. चक्क वेगळे डिपार्टमेंट! १९३९ साली पी. के. डे यांनी भातखाचरात नायट्रोजन स्थिर करण्याचे काम हेच जीव करतात हे दाखवले. जनावरांना घालायला आपल्याकडे अझोला वाढवतात, तिच्या पानातही याच घराण्यातला अॅनाबिना राहतो आणि नायट्रोजन पुरवतो. गोव्याच्या किनाऱ्याजवळ साधारण फेब्रुवारी ते मे या काळात समुद्रावर लाकडाच्या भुशासारखा तरंगणारा ट्रायकोडेस्मियम हाही नायट्रोजन स्थिर करणाराच. मायक्रोसिस्टिसला मात्र ही विद्या येत नाही. त्याला नायट्रोजन पाण्यातूनच, म्हणजे बऱ्याचदा आपल्या युरियातून आणि सांडपाण्यातून मिळतो.

चौथे हत्यार फॉस्फरस साठवण्याचे. फॉस्फरस हवेत नसतो, त्यामुळे तो सगळ्यात तुटवड्याचा. मिळाला की गरजेपेक्षा जास्त घ्यायचा, पेशीत साठवायचा आणि दुष्काळात पुरवून वापरायचा, ही सवय यांना आहे. कणगी भरून ठेवणाऱ्या जुन्या शेतकऱ्यासारखी.

बहर म्हणजे दरवेळी रोगच असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर पाहा. पाणी खारट, पीएच सुमारे १०. तिथे फारसे काही टिकत नाही, पण आर्थ्रोस्पायरा नावाचा सायनोबॅक्टेरिया मजेत राहतो आणि त्याच्यामुळे पाणी हिरवे दिसते. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रेमी सूक्ष्म जीव असल्याचे दाखवले. औषधाच्या दुकानात 'स्पिरुलिना' नावाने मिळणाऱ्या गोळ्या याच आर्थ्रोस्पायरा गटाच्या. म्हणजे एकाच घराण्यात खत देणारा आहे, टॉनिक होणारा आहे आणि विष करणाराही आहे.

विष कोणासाठी?

मायक्रोसिस्टिसच्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची लहानशी अंगठी. ती यकृताच्या पेशीत शिरून तिथली महत्त्वाची विकरे बंद पाडते. १९९६ साली ब्राझीलमधल्या करुआरू गावी डायलिसिस केंद्रात असे दूषित पाणी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात हे विष सापडले आणि सुमारे ४ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळूनही नको, कारण ही अंगठी उकळत्या पाण्यात मोडत नाही. उलट पाणी आटून तिचे प्रमाण वाढते.

आता साधा प्रश्न. हे विष कोणाला मारायला तयार झाले? आपल्याला वाटते, खाणाऱ्यांपासून बचाव म्हणून. पण इथे कुलवृत्तांत कामाला येतो.

समजा गावातल्या दहा घरांत एकाच घडणीची सोन्याची पाटली आहे. ती पणजीकडून वारशाने आली की सोनाराकडून नंतर घडवून घेतली, हे कसे ओळखाल? घराण्याची वंशावळ मांडा आणि पाटल्यांतल्या बारीक फरकांवरून त्यांचीही वंशावळ मांडा. दोन्ही जुळल्या तर वारसा. २००४ साली फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या कारिना सिवोनेन यांच्या गटाने नेमके हेच केले. मायक्रोसिस्टिन तयार करणाऱ्या जनुकांची वंशावळ आणि त्या जिवाणूंच्या मूलभूत जनुकांची वंशावळ त्यांनी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. निष्कर्ष असा की हे विष फार प्राचीन पूर्वजाकडे होते. आज ज्यांच्याकडे ते नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच शाखांनी ते मधल्या काळात गमावले. विष नव्याने मिळण्यापेक्षा ते गमावण्याचेच प्रसंग जास्त.

म्हणजे ज्या काळात हे विष आले, त्या काळात पाण्यात त्यांना खाणारा कोणी प्राणीच नव्हता. माणूस, गाय, मासा यांचा तर पत्ताच नाही. यकृत नावाचा अवयवच अजून यायचा होता!

मग त्याचा उपयोग काय? हे विष नेहमीच्या प्रथिनांसारखे होत नाही. त्यासाठी सुमारे ५५ हजार अक्षरांच्या डीएनएवर दहा जनुके आहेत. त्यांतून मोठमोठी विकरे तयार होतात आणि ती कारखान्यातल्या असेंब्ली लाइनसारखी एकेक भाग जोडत जातात. एवढी खर्चिक लाइन निसर्ग उगाच चालू ठेवत नाही. २०११ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की पेशीवर प्रखर प्रकाशाचा आणि प्राणवायूचा ताण आला की मायक्रोसिस्टिन पेशीतल्याच प्रथिनांना चिकटते, आणि ज्यांच्यात ते नाही त्या पेशी अशा ताणात जास्त अडचणीत येतात. म्हणजे ते घरातल्या कामाचे साधन असण्याची दाट शक्यता आहे. हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पण आपल्या यकृतावर होणारा परिणाम हा त्या साधनाचा हेतू नव्हे, तो अपघात आहे, एवढे नक्की म्हणता येते.

नंतर खाणारे आले तेव्हा हे जुने साधन त्यांच्याविरुद्धही कामी आले. तिथून नवी शर्यत सुरू झाली, आणि ती आपल्या डोळ्यांसमोरही चालते. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात १९६० ते ७० च्या दशकांत सांडपाण्यामुळे सायनोबॅक्टेरिया वाढले. तिथल्या गाळात डॅफ्निया या मोहरीएवढ्या जलचराची जुनी अंडी थरांत पडून होती. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी उबवली. बहर सुरू होण्याआधीच्या थरातले डॅफ्निया विषारी अन्नावर नीट वाढेनात आणि नंतरच्या थरातले बरेच तग धरून राहिले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. काही दशकांत उत्क्रांती! पण आपल्या पिढ्या डॅफ्नियाइतक्या भराभर बदलत नाहीत, तेव्हा आपल्याला ती वाट नाही.

मग आजच एवढा त्रास का?

जीव जुना, हत्यारे जुनी, विषही जुने. नवीन काय? नवीन आहे ते आपण केलेले पाणी. साचलेले, कोमट आणि फॉस्फरसने भरलेले.

हे सिद्ध करणारा प्रसिद्ध प्रयोग कॅनडात १९७३ साली झाला. एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. फॉस्फरस टाकलेली बाजू हिरवीगार झाली आणि दुसरी तशीच राहिली.

आपल्याकडे मोठे उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातले उजनी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पात्र रुंद, उन्हाळ्यात पाणी उथळ. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तिथे जाते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवे झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्या आहेत, आणि सोलापूर शहर पिण्यासाठी याच जलाशयावर अवलंबून आहे.

'ते पुणेकरांचं पाप' असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. डिंभ्याखालून येणारी घोड, तिला मिळणाऱ्या मीना आणि कुकडी, हे सगळे पाणी शेवटी भीमेतच जाते. आपल्या शिवारातून धुपणारे खतही त्याच वाटेने जाते.

एका पोत्याचा हिशोब

इंजिनिअरिंगचे कॉलेज आहे, तेव्हा आकडेमोड हवीच. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ४६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते, म्हणजे २३ किलो. त्यातला शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो. समजा पहिल्या वळवाच्या पावसात त्यातला फक्त दहावा भाग मातीबरोबर वाहून गेला, म्हणजे १ किलो.

साधारणपणे लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम फॉस्फरस झाला की तळे बहराच्या दिशेने झुकते असे मानतात. या हिशोबाने १ किलो फॉस्फरस सुमारे ३.३ कोटी लिटर पाण्याला पुरतो. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल शेततळ्यात उतार धरून सुमारे २० लाख लिटर पाणी बसते. म्हणजे पोत्याच्या दहाव्या भागात अशी सोळा शेततळी बिघडू शकतात! दुसऱ्या बाजूने पाहा. १ किलो फॉस्फरसवर, बाकी सगळे मिळाले तर, १०० किलोहून अधिक कोरडे शेवाळ तयार होऊ शकते. कांद्याला, बटाट्याला दहा-सव्वीस-सव्वीस टाकताना माती परीक्षण का करायचे, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. जास्तीचे खत पैसे घालवून पाणी खराब करते.

काय करावे, काय टाळावे

१) मोरचूद टाकून मोकळे होऊ नका. शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची पद्धत आहे. पण पेशी मेली की फुटते आणि आतले विष एकदम पाण्यात मिसळते. १९७९ साली ऑस्ट्रेलियात पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणात मोरचूद टाकल्यानंतर सुमारे दीडशे जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुले होती. तिथले विष दुसऱ्या जातीचे होते, पण धडा तोच.

२) उकळण्यावर विसंबू नका. उकळल्याने रोगजंतू मरतात, हे विष जात नाही. साय असलेले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरूच नये.

३) शुद्धीकरणात क्रम महत्त्वाचा. आधी तुरटी आणि गाळणीने अख्ख्या पेशी बाहेर काढायच्या, क्लोरीन नंतर. हिरव्या पाण्यात आधीच भरपूर क्लोरीन टाकला तर पेशी फुटतात. विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कार्बन उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली आहे.

४) जनावरांना सायीच्या बाजूने पाणी पाजू नका. वारा साय ज्या काठाला ढकलतो तिथे विष सगळ्यात दाट असते. सायनोबॅक्टेरियांच्या विषाची पहिली शास्त्रीय नोंदच मुळी जनावरांची आहे. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका सरोवराचे पाणी पिऊन गुरे-मेंढ्या मेल्याचे 'नेचर' मासिकात लिहिले.

५) रंगावरून निकाल देऊ नका. विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस एकाच तळ्यात शेजारी शेजारी असतात आणि मायक्रोस्कोपखालीही सारखेच दिसतात. फरक जनुकात आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. घरगुती पातळीवर मात्र एक सोपी चाचणी आहे. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाऊण भागापर्यंत हिरवे पाणी घ्या, झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. (खाण्याच्या फ्रीजमध्ये नको, लॅबच्या!) सकाळी हिरवा थर वर जमला असेल तर सायनोबॅक्टेरियांचा संशय धरा, खाली बसला असेल तर बहुधा साधे शेवाळ.

६) टाकी झाकलेली ठेवा. अंधारात यांचे काहीच चालत नाही. होस्टेलच्या टाकीचे झाकण ही किरकोळ बाब नाही.

थोडक्यात सांगायचे तर, हिरवी साय हा बाहेरून आलेला नवा शत्रू नाही. आपण श्वास घेतो तो प्राणवायू ज्यांनी प्रथम हवेत भरला, त्यांचेच हे वंशज. औषध टाकून त्यांना संपवू म्हणणे व्यर्थ आहे. दोनशे चाळीस कोटी वर्षांत त्यांनी पृथ्वी गोठलेली पाहिली, उल्का पडलेल्या पाहिल्या. आपल्या मोरचुदाने ते संपणार नाहीत. पण बहर येणे न येणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, कारण बहराला लागणारा फॉस्फरस आपणच पुरवतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे डिझाइन करताना नुसता बीओडी उतरला की काम झाले असे समजू नका. फॉस्फरस किती बाहेर जातो तेही विचारा. हे आकडे उद्या आपल्यापैकीच कोणीतरी ड्रॉइंगवर लिहिणार आहे, आणि ते पाणी खालच्या गावात कोणीतरी पिणार आहे.